देवघरातला पंपाचा पंखा

नोकरीत तपासलेले पुष्कळ गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण पंपाच्या लोखंडी पंख्याला हळद-कुंकू लावून तो देवघरात बसवलेला मी पाहिला, तो प्रसंग अजून तसाच्या तसा डोळ्यांसमोर आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी कोल्हापुरात फौजदार होतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. तालुक्याच्या शाळेतल्या मास्तरांनी माझी फी भरली नसती, तर वर्दी अंगावर चढलीच नसती. त्यामुळे मास्तर म्हटलं की माझी मान आपोआप खाली जायची. या तपासात मात्र एका मास्तरांच्या घरातच मला हट्टाने बसून राहावं लागलं.

मंदीचे दिवस होते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे बरेच कारखाने कुलूप लावून बसले होते. अशा दिवसांत एका सकाळी मी हजेरी घेऊन अंमलदारांना कामं वाटत होतो, तेवढ्यात उचगावची एक बाई ठाण्यात आली. शहरात दूध घालून परत निघाली होती. हातात रिकामी किटली.

"फिर्याद हाय का?" आमच्या हवालदारांनी विचारलं.

"न्हाय. सांगायचं हाय. फौजदारास्नीच."

मी तिला आत बोलावलं. तिचा नवरा एका फाउंड्रीत साचे भरायचा. फाउंड्री बंद पडली आणि कामगारांना हिशेबाचे पैसे मिळाले. ते सगळे पैसे दसऱ्याच्या मुहूर्तावर एका गृहस्थाच्या हवाली करायचे, असं कामगारांनी ठरवलं होतं. हा गृहस्थ पूर्वी विम्याचं काम करायचा. लोक त्याला 'दादा' म्हणत. लोकांचे पैसे एकत्र करायचे, त्यातून अनेक छोट्या कंपन्यांचे भाग, म्हणजे शेअर, घ्यायचे आणि नफा सगळ्यांना वाटायचा, अशी त्याची योजना होती.

"कुणाचे पैसे बुडवलेत का त्यानं?" मी विचारलं.

"न्हाय की! म्हैन्याच्या म्हैन्याला देतोय. म्हणूनच तर भ्या वाटतंय." ती पुढं सरकली. "आमच्या दारातनं शिरोलीचा धूर दिसायचा सायेब. पाऊसकाळ सरला तरी धूर न्हाय. मग नफा कुठनं येतोय? म्हस आटल्यावर दूध देती व्हय?"

"नवऱ्याला बोललात का हे?"

"बोलले की. म्हणला, तुला काय कळतंय, शेण काढ जा. आन सायेब, मी हितं आल्याचं त्याला कळलं तर घरात घ्यायचा न्हाय. तेवढं बघा."

स्टेशन डायरीत मी 'खात्रीलायक बातमी मिळाली' एवढंच लिहिलं. हवालदार हसले. "सायेब, ह्यो लोकांस्नी वेळेवर पैसे देतोय. आपला पगार तरी वेळेवर हुतोय का? फिर्यादीच न्हाय तर गुन्हा कसला?"

त्यांचं बरोबर होतं. बुडालेला माणूस ठाण्यात येतो. बुडत असलेला येत नाही. पण दसरा तोंडावर होता आणि त्यानंतर फिर्याद घेऊन काही उपयोग नव्हता. मी त्या गृहस्थाला चौकशीसाठी बोलावलं.

इस्त्रीचा सफारी घालून तो आला. ना घाबरला, ना अडखळला.

"साहेब, मंदीतच घ्यायचं असतं," तो म्हणाला. "तेजीत मोठ्या कंपनीच्या मागं सगळेच धावतात. आत्ता छोटी कंपनी स्वस्त मिळते. चांगल्या आठ-दहा छोट्या कंपन्यांत पैसे विभागले, तर दोन बुडतील, बाकीच्या तरतील. दिवस पालटले की बघा."

खरं सांगतो, त्याच्या बोलण्यात मला चूक सापडली नाही. आजही सापडत नाही.

"भागांचे दाखले?"

"मुंबईला नोंदणीला गेलेत. आमच्या लोकांना कागद लागत नाही. मी त्यांना कंपनी दाखवतो आणि पहिला नग देतो."

त्या काळी काही कारखान्यांत एक रीत होती. नव्या साच्यातून निघालेला पहिला नग विकायचा नाही, मालकाने तो देवापुढे ठेवायचा. हा गृहस्थ लोकांना सुट्टीच्या दिवशी शिरोलीत न्यायचा, एखादी बंद शेड बाहेरून दाखवायचा आणि 'तुम्ही आता मालक' म्हणत पहिला नग त्यांच्या हातात द्यायचा. त्यावर एक अटही घालायचा: देवातली वस्तू आहे, कुणाला दाखवू नका, दृष्ट लागते.

त्या अटीपाशी माझं मन अडकलं. त्याला जाऊ दिलं आणि मी नगांच्या मागे लागलो.

पहिलं घर एका निवृत्त मास्तरांचं होतं. निवृत्तीची बहुतेक पुंजी त्यांनी दादाकडे दिली होती. त्यांनी मला दारातच सुनावलं.

"सज्जन माणसाच्या मागं का लागलाय? चोर पकडा की जरा!"

"गुरुजी, मला फक्त तो नग बघायचाय."

"देवातलं काही मिळणार नाही."

मी बूट काढले, टोपी काढली, पाय धुतले आणि ओसरीवर बसून राहिलो. गुरुजींशी वाद घालायची माझी छाती नव्हती, पण उठायचंही नाही असं ठरवलं होतं. शेवटी त्यांच्या पत्नीच म्हणाल्या, "बघू द्या हो. बघितल्यानं काय झिजतंय?"

देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी पंपाचा छोटा पंखा होता, पंपात फिरून पाणी ढकलतो तो. पात्यांमुळे तो चक्रासारखा दिसत होता. त्यावर रंगाने एका कंपनीचं नाव घातलेलं होतं. एका पात्याच्या कडेला लोखंडाची बारीक गाठ होती, मुगाएवढी. मी ती ध्यानात ठेवली.

दुसरा नग एका भुसारी दुकानदाराच्या घरी पाहिला. कंपनीचं नाव वेगळं, पण पंखा तसाच, आणि गाठही त्याच जागी. साच्याच्या मूळ नमुन्यात खोट असली की प्रत्येक नगात ती उतरते, एवढं कोल्हापुरात राहून मलाही ठाऊक झालं होतं.

मी बोललो असतो तर दोघांनीही मला खोट्यात काढलं असतं. म्हणून आपापला नग घेऊन ठाण्यात यायची विनंती केली. दुकानदार लगेच तयार झाला. गुरुजी कुरकुरत, नग सोवळ्यात गुंडाळून आले. दोघांना एकाच बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि मी समोर गप्प बसलो.

थोडा वेळ दोघे मंदीबद्दल बोलले. मग दुकानदाराने सहज विचारलं, "तुमची कुठली कंपनी गुरुजी?"

"माझ्याकडं पहिला नग आहे."

"पहिला माझ्याकडं हाय की!"

गुरुजींनी फडकं सोडलं. आपला पंखा पाहिला, मग दुकानदाराचा हातात घेतला. दोन्हींच्या गाठींवरून अंगठा फिरवला. दोन्ही पंखे माझ्यापुढे ठेवले. मग म्हणाले, "फौजदार, लिहून घ्या. फिर्याद माझी."

गुन्हा नोंदला, दोन्ही पंखे पंचनामा करून मुद्देमालात घेतले आणि त्याच दिवशी दादाला आणलं. टेबलावर ते पंखे शेजारी शेजारी पाहताच त्याचा इस्त्रीतला ताठा गेला.

"बाकीच्या कंपन्या कुठं आहेत?" मी विचारलं.

"पहिली कंपनी खरी होती साहेब. मंदीत ती बुडाली. हे नग तिचेच, खपायचे राहिलेले. लोकांना सांगायला तोंड नव्हतं. म्हटलं, एक महिना कसातरी काढू." नव्या लोकांच्या पैशातून जुन्यांना 'नफा' देत त्याने असे कितीतरी महिने काढले होते.

एवढ्यात फाटकाशी गलका झाला. बंद फाउंड्रीचे कामगार आले होते. "दादांस्नी सोडा! आमच्या पैशावर तुमचा डोळा हाय!" पुढे होता तो उचगावच्या त्या बाईचाच नवरा, मागाहून नाव-गाव विचारलं तेव्हा समजलं. मी बाहेर जायला निघालो, तर गुरुजींनी मला हाताने थांबवलं. ते स्वतः पायरीवर उभे राहिले.

"पोरांनो, माझं गेलं," ते म्हणाले. "तुमचं अजून तुमच्या घरात आहे. घरी जावा."

पुढे खटला उभा राहिला, शिक्षा झाली. गुरुजींच्या पदरात थोडंच परत पडलं. कामगारांचे पैसे मात्र शाबूत राहिले.

दसऱ्यानंतर तो उचगावचा साचेवाला एकटाच आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "सायेब, ह्याची खबर कुणी दिली?"

"ते सांगत नसतात."

"बरं ऱ्हाऊ दे. मग आता ह्ये पैसे ठिऊ कुठं? ते तरी सांगा की."

पोलीस वाईट दार बंद करू शकतो. चांगलं दार कुठलं, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. मी म्हटलं, "पावणं, ते मला सांगता यायचं नाही. पण ज्याला द्याल त्याच्याकडं अगोदर न कळवता जा. आणि जी गोष्ट तो दुसऱ्याला दाखवू नको म्हणेल, ती आधी शेजाऱ्याला दाखवा."

"आन बायकूला?"

"बायकोला सगळ्यात आधी."

तो माझ्याकडे रोखून बघत राहिला. त्याने काय ओळखलं आणि काय नाही, हे मला कळलं नाही. मीही चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीत मी शिकलो ते असं: लबाड माणूस नेहमी खोट्या विचारावरच उभा नसतो, पुष्कळदा तो खऱ्या विचाराचा आसरा घेतो. मंदीत छोट्या कंपन्या स्वस्त मिळतात, हे खरंच होतं. शिरोलीतल्या काही कारखान्यांच्या भट्ट्या पुढे पुन्हा पेटल्या आणि ज्यांनी तिथे धीराने पैसे ठेवले त्यांचं भलं झालं. विचार तपासून भागत नाही; तो सांगणाऱ्याच्या पाठीमागे कारखाना आहे का, हे बघावं लागतं.

पुढे एकदा बाजारात ती उचगावची बाई नवऱ्याबरोबर दिसली. मी दोघांना नमस्कार केला. तिने अनोळख्यासारखं तोंड फिरवलं, आणि मला बरं वाटलं.