कुत्रा कुठे झोपेल?

मी जो काही आहे त्यात सर्वांत मोठा वाटा नागपूरच्या बाईंचा आहे. त्या माझ्या नात्यातल्या नव्हत्या, शाळेतल्याही नव्हत्या. जनावरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या डॉक्टर होत्या, आणि घरामागच्या आवारात ब्लडहाउंड जातीची कुत्री पाळत. तेलंगणातल्या नार्नूरकडच्या एका गावातून आलेला, घरातला पहिलाच कॉलेजला जाणारा मी, त्यांच्या आवारातल्या एका खोलीत तीन वर्षं राहिलो. भाड्याऐवजी सकाळ-संध्याकाळ कुत्र्यांचं करायचं, एवढी अट होती. माझी इंग्रजीची भीती त्यांनीच घालवली. औषधांच्या बाटल्यांबरोबर येणारे बारीक अक्षरांचे कागद त्या मला मोठ्यानं वाचायला आणि वहीत उतरवायला लावत, आणि चुकलो तर कुत्री हसतात म्हणत.

ज्यांनी हा कुत्रा पाहिला नसेल त्यांना सांगतो. कान इतके लांब की पाणी पिताना भांड्यात बुडतात. कपाळावर सैल कातडीच्या घड्या, तोंडातून सतत लाळ. आधी नाक चालतं आणि उरलेला कुत्रा त्याच्या मागून जातो. चोराच्या वासावर तो दोन कोस जाईल, पण चोर सापडला की त्याला चाटेल. राखण हे त्याचं काम नाही.

बाई दर वर्षी पिल्लं होऊ देत नसत. आई-बापाचे सांधे आणि डोळे तपासून घेत. दोन महिने पुरे झाल्याशिवाय पिल्लू आईपासून हलवत नसत. आणि ज्याला पिल्लू हवं त्यानं चार पानी फॉर्म भरायचा. त्यातल्या ‘कुत्रा कुठे झोपेल?’ या प्रश्नापुढे एका बड्या माणसानं लिहिलं होतं, ‘आमचा बंगला मोठा आहे.’ बाईंनी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. म्हणाल्या, “मी बंगल्याचं विचारलं नव्हतं.” शेवटच्या पानावर करार असे: कुठल्याही वयात, कुठल्याही कारणानं कुत्रा ठेवता येईना, तर तो बाईंकडे परत आणायचा. दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही.

पदवी घेऊन मी गावी परतलो तेव्हा आमचा जिल्हा फुटत होता. एका आदिलाबादचे चार जिल्हे होणार, नवी मंडलं, म्हणजे महाराष्ट्रातल्या तालुक्यांसारखी, होणार, कोणतं गाव कुठे जाणार याच्या रोज नव्या बातम्या येत. ज्याला त्याला दाखला हवा होता, नकाशा हवा होता, हरकत नोंदवायची होती. मला मराठी, तेलुगू आणि इंग्रजी तिन्ही लिहिता येत होतं, अक्षरही चांगलं होतं. मंडल कार्यालयाच्या ओसरीवर एक टेबल टाकून मी दरखास्ती, म्हणजे सरकारी अर्ज, लिहायला बसलो.

आमच्याकडे दरखास्त लिहिण्याची एक रीत आहे. माणूस सांगतो ते लिहायचं नसतं, जे लिहिलं की काम होतं ते लिहायचं असतं. माणूस म्हणतो, “शेत माहा भाऊ पाहते,” आपण लिहितो, ‘अर्जदार स्वतः जमीन कसतो.’ हे लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, सांगणाऱ्याला ठाऊक असतं आणि शिक्का मारणाऱ्यालाही. म्हणून यात कोणी कोणाला फसवत नाही अशी सगळ्यांची समजूत आहे. या कामात मी फार लवकर तरबेज झालो. लोक म्हणत, पोराच्या शिक्षणाचं चीज झालं. मलाही तसंच वाटे. आज त्या दिवसांतलं माझं सुबक अक्षर आठवलं तरी किळस येते.

गावचे पटेल कापसाचे व्यापारी होते आणि नवं मंडल आमच्याच गावात व्हावं म्हणून निघालेल्या समितीचे अध्यक्षही होते. समितीजवळ एक पत्र्याचा फलक, एक मांडव आणि चहाची मोठी किटली होती. रोज सकाळी अकरा माणसं मांडवात बसत, चहा पीत, फोटो काढून घेत आणि जेवायला घरी जात. याला ते साखळी उपोषण म्हणत. पटेलांनी शब्द टाकला म्हणून मला मंडल कार्यालयात संगणकावर कंत्राटी काम मिळालं. मी त्यांच्या पाया पडलो. त्यांच्यापेक्षा मोठ्या वयाचे माझे वडीलही त्यांच्या पाया पडले. उपकार करणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं, हे आमच्या घरात कोणी शिकवावं लागत नाही.

एक दिवस पटेलांनी मला मांडवात बोलावलं.

“काऊन रे, तू नागपूरले कुत्रे धूत होता म्हने. थे कोन्ते, इंग्रजी?”

“ब्लडहाउंड, पटेल.”

“एक आन आपल्याले. मोठे साहेब जागा पाहाले येऊन राह्यले. गेटवर असं जनावर पाह्यजे का पाहूनच म्हनले पाह्यजे, हे मंडलाचं गाव हाय.”

कुत्र्याचा आणि मंडलाचा काय संबंध, हे अकरा जणांपैकी कोणी विचारलं नाही. मीही नाही. हा कुत्रा राखणीचा नाही, एवढं तरी मी सांगायला हवं होतं. नागपूरहून आणलेल्या कागदांतला बाईंचा कोरा फॉर्म मी काढला आणि वाचू लागलो.

“कुत्रा कुठे झोपेल?”

“कुठी झोपन? कुत्रा हाय थो, जावई हाय का?”

मांडव हसला. किराणा दुकानदार म्हणाला, “पटेल, तुमी जावयाचाबी असाच फारम भरून घ्याले पाह्यजे होता.” यावर पटेल हसले नाहीत.

मी लिहिलं, ‘घरात, कुटुंबासोबत, पंख्याखाली.’

“दिवसभर त्याच्याजवळ कोण राहील?”

“साखळी राहीन ना.”

मी लिहिलं, ‘घरातील मंडळी.’ कुत्रा कशासाठी हवा, यापुढे लिहिलं, ‘सोबतीसाठी.’ तुमच्याविषयी खात्री कोण देईल, हा शेवटचा प्रश्न होता. तिथे मी माझं नाव लिहिलं. बाईंच्या फॉर्मचं मी मंडल कार्यालयातल्या दरखास्तीसारखं केलं होतं, आणि ते करताना माझा हात एकदाही अडखळला नाही.

आषाढात पिल्लू आणायला आम्ही जीपनं नागपूरला गेलो. पटेल फोनवर बोलत जीपमध्येच बसून राहिले. बाई एरवी नव्या माणसाला तासभर प्रश्न विचारत. त्यांनी चारही पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, “अक्षर तुझं आहे. मग मला काही विचारायचं नाही.” आईच्या वासाचं एक फडकं, कान बुडू नयेत म्हणून तोंडाशी निमुळतं असलेलं एक खोल भांडं आणि खाण्याच्या वेळांचा कागद त्यांनी माझ्या हातात दिला. दर महिन्याला एक फोटो पाठवायला सांगितला. अडीच महिन्यांचं ते पिल्लू माझ्या मांडीवर फडक्यात तोंड खुपसून आदिलाबादपर्यंत झोपलं.

मी कामाच्या आधी आणि नंतर पटेलांकडे जात असे. दिवसातून चार वेळा थोडंथोडं खाणं, खाल्ल्यावर तासभर धावायचं नाही, नाहीतर या जातीचं पोट फुगून जनावर दगावतं. चेहऱ्याच्या घड्या ओल्या कापडानं पुसून कोरड्या करायच्या. कान दिवसाआड साफ करायचे. हाडं भरेपर्यंत पायऱ्या चढू द्यायच्या नाहीत. हे सगळं मी कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावलं. पटेल ते वाचून म्हणाले, “एवढं तं म्या लेकरायचंबी नाई केलं.” ते अगदी खरं होतं, आणि त्यांच्या लेकरांकडे पाहून कळतही होतं.

घरातली जागा पिल्लाला चार दिवस मिळाली. पाचव्या दिवशी त्यानं सोफ्यावर लाळ गाळली आणि त्याची साखळी गेटपाशी, समितीच्या फलकाखाली गेली. दुपारी पत्रा तापे आणि पिल्लू जीभ काढून धापा टाकत बसे. मी पाण्याचं भांडं भरून, सावलीला पोतं बांधून कामावर जाई. संध्याकाळी पोतं काढलेलं असे, कारण त्यानं फलकावरची अक्षरं झाकली जात.

मग शेजारच्या गावची माणसं बोलणी करायला आली. मंडल त्यांनाही हवं होतं. पटेलांनी मुद्दाम सगळ्यांना गेटवरूनच आणलं. पिल्लानं शेपूट हलवत प्रत्येकाचे पाय हुंगले आणि त्यांच्या पुढाऱ्याच्या पांढऱ्या धोतरावर डोकं ठेवून निवांत लाळ गाळली. पुढारी त्याचे कान कुरवाळत म्हणाला, “पटेल, तुमच्या घरी समजदार हेच एक हाय वाटते.” त्या दिवसापासून पटेल पिल्लाकडे पाहीनासे झाले. मी मात्र मनातल्या मनात हसलो, आणि एवढ्यानंच आपण त्यांच्यापेक्षा बरे आहोत असं धरून चाललो.

पोळ्याला मी उटनूरला सरकारी कामात अडकलो होतो. परत आलो तेव्हा बैलांची मिरवणूक संपली होती. पटेलांच्या गड्यांनी बैलांची शिंगं रंगवून उरलेला ऑइलपेंट पिल्लाच्या दोन्ही कानांना फासला होता, गळ्यात घुंगुरमाळ घातली होती आणि त्याला बैलांपुढे चालवलं होतं. गाव खूष होतं. बायकांनी त्याला ओवाळलंही होतं. मी रात्रभर खोबरेल तेल लावून रंग सोडवला. उजवा कान निभावला. डाव्यात रंग आतपर्यंत गेला होता. तो सुजला, त्यातून पू येऊ लागला. जनावरांच्या डॉक्टरांचं औषध सुरू केलं. पिल्लू औषध घालताना कण्हत असे, पण माझ्या हाताला कधी दात लावला नाही.

आणि मी काय करत होतो? दर महिन्याच्या फोटोसाठी पिल्लाला आमच्या घरी नेत होतो, आईच्या गोधडीवर, पंख्याखाली बसवत होतो आणि फोटो काढून परत साखळीला बांधत होतो. पोळ्यानंतरचा फोटो मी उजव्या बाजूनं काढला. बाईंचं उत्तर आलं, ‘छान. कान स्वच्छ आहे. शाबास.’ पटेलांचा मी मनातून तिरस्कार करत होतो, पण पटेल निदान खोटं बोलले नव्हते. विचारलं तेव्हा त्यांनी साखळीच सांगितली होती.

नव्या मंडलांची यादी लागली. मंडल शेजारच्या गावाला गेलं. दोन दिवसांत मांडव निघाला, फलकाचा पत्रा गोठ्यावर चढला आणि समितीतले सगळेच सांगू लागले की आपल्याला हे आधीच ठाऊक होतं. पटेल मला म्हणाले, “मंचेरियलचा एक ठेकेदार हाय, थ्याले देऊन टाकतो हे धूड. रैवारी येते थो जीप घेऊन. कोळशाच्या डेपोवर बांधन.”

“पटेल, करारात लिवलं हाय, दुसऱ्याले द्याचं नाई.”

“करार कोनं लिवला? तूनंच ना? मंग तूच पाय.”

त्यांनी ते मला झटकून टाकायला म्हटलं होतं. मी घरी गेलो. डेपोवरच्या उन्हात ते पिल्लू फार दिवस काढणार नव्हतं, आणि त्याला तिथे पाठवणारा हात माझा असणार होता.

शनिवारी सकाळी मी त्याची साखळी सोडली. पटेल ओट्यावर चहा पीत होते.

“नेतो कुठी?”

“परत.”

“आन ठेकेदाराले काय सांगू?”

“सांगा, ज्यानं लिवलं त्यानंच नेला.”

त्यांनी कप खाली ठेवला. “मंग सोमवारी हापिसात पाय ठेवू नोको. म्या लावला होता तुले.”

तेही खरंच होतं. मी वाकून नमस्कार केला नाही. इतकंच काय ते मला त्या दिवशी जमलं. पिल्लू वाटेत प्रत्येक दाराशी थांबून हुंगत होतं, आणि घरी पोचायला आम्हाला अर्धा तास लागला. वडिलांनी पंख्याखालची आपली खाट सरकवून जागा केली.

बाईंना फोन करता आला असता. पण फोनवर मी पुन्हा गोड बोललो असतो. जे लिहून केलं ते लिहूनच निस्तरायचं म्हणून त्याच दुपारी हे पत्र टाकलं:

‘आदरणीय बाईंना साष्टांग नमस्कार.

फॉर्ममधली उत्तरं माझी होती, पटेलांची नव्हती. कुत्रा कुठे झोपेल, याचं त्यांनी दिलेलं उत्तर मी लिहिलं नाही. तो गेटपाशी, पत्र्याखाली झोपत होता. दिवसभर त्याच्याजवळ साखळी होती. तो सोबतीसाठी नको होता, दाखवायला हवा होता. हे मला फॉर्म भरतानाच ठाऊक होतं. फोटो आमच्या घरातले आहेत. दर खेपेला फोटोनंतर मी त्याला परत बांधून आलो. शेवटचा फोटो उजव्या बाजूनं काढला, कारण डावा कान पोळ्याच्या रंगानं बिघडला आहे. औषध चालू आहे, पू थांबला आहे, सूज आहे.

तुम्ही माझं अक्षर पाहून काही विचारलं नाही. ते अक्षर तुमच्याच घरी वळणावर आलं, आणि मी ते असं वापरलं. माफी मागण्याचं तोंड नाही, म्हणून मागत नाही.

करारानुसार पिल्लू परत आणतो आहे. आमच्या शेजाऱ्यांचा भाजीचा टेम्पो गुरुवारी पहाटे निघतो, दुपारच्या आत पोचेन. तोवर ते आमच्या घरात आहे, खरोखर पंख्याखाली. मला दारातून परत पाठवलंत तरी चालेल, त्याला मात्र आत घ्या. फॉर्मच्या शेवटी खात्री देणारा म्हणून माझं नाव आहे, ते खोडून टाका.

ते आता खाणं दिवसातून तीन वेळा घेतं. तुमचं फडकं अजून त्याच्याजवळ आहे, ते धुतलेलं नाही. कान पुसताना आधी उजवा घ्या. डाव्याला एकदम हात लावू नका. थोडं थांबलं की ते आपणच डोकं आडवं करून देतं.’