बिल्ल्याआधीचं सर्टिफिकेट

नव्वदचं दशक सरत आलं होतं, तेव्हा एसटीत बायकांनाही कंडक्टर म्हणून घेणार अशी बातमी आजऱ्याच्या स्टँडवर आली. मी तेव्हा काजूच्या कारखान्यात बी फोडायला जात होते. बारावी झालेली होती, पण पुढं काय हे कुणालाच माहीत नव्हतं. टरफलातल्या तेलानं बोटांची टोकं काळी पडली होती, ती कशानं घासली तरी निघत नव्हती. वडिलांनी अर्ज आणला. कंडक्टरला बिल्ला लागतो आणि बिल्ल्याआधी प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट लागतं, हे मला अर्ज भरताना कळलं. त्याचा वर्ग कोल्हापुरात होता. म्हणून मी पहिल्यांदाच घर सोडून राहायला गेले.

राजारामपुरीत एका फ्लॅटमध्ये कॉट मिळाली. बाकीच्या कॉटवर डॉक्टर, इंजिनियर व्हायला निघालेल्या मुली होत्या. त्या उजाडायच्या आत क्लासला जायच्या आणि आल्या की पुस्तकात तोंड घालून बसायच्या. वाईट नव्हत्या. "ताई, लाइट घालवू का?" एवढं त्या रोज विचारायच्या आणि मी "घालव" म्हणायचे. कधी कधी तेवढंच आमचं दिवसाचं बोलणं असायचं. कोल्हापूर मोठ्यानं बोलणारं गाव; बायकाही आमच्यासारखंच 'मी येतो, मी जातो' म्हणणाऱ्या. रिक्षावाले, भाजीवाल्या, खालचा पानवाला, सगळे रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकमेकांना हाका मारायचे. त्या सगळ्या आवाजात माझ्या नावाची हाक नव्हती. गल्लोगल्ली एसटीडी बूथ होते, पण आमच्या घरी फोन नव्हता. तरी मी एकदा बूथमध्ये शिरले, काचेचं दार लावून घेतलं, थोडी उभी राहिले आणि बाहेर आले. बूथवाला म्हणाला, "लागला न्हाई व्हय?" मी मान हलवली.

वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये भरायचा. सगळे पुरुष. कंडक्टर व्हायला आलेली पोरं आणि कारखान्यांनी पाठवलेले काही कामगार. शिकवणारे मास्तर आवाजाचे खणखणीत. त्यांनी पहिल्या दिवशी हजेरी घेताना प्रत्येकाचं आडनाव दोनदा उच्चारलं. आमच्या आडनावावरून आम्ही बौद्ध हे आमच्या भागात लगेच कळतं. माझं वाचलं तेव्हा दोन-चार माना वळल्या आणि परत सरळ झाल्या.

"जोड्या लावा," मास्तर म्हणाले. "एकानं पडायचं, एकानं बांधायचं."

जोड्या लागल्या. मी खिडकीपाशी त्रिकोणी पट्टीची घडी हातात घेऊन उभी.

"बाई, तुम्ही आज नुसतं बघा," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशीही मी नुसतं बघितलं. खोलीवर आल्यावर ओढणीची पट्टी करून मी स्वतःच्या गुडघ्याला बांधली. मग उशीला बांधली. उशीला हात नसतो, त्यामुळं मोडलेल्या हाताची झोळी काही जमेना.

तिसऱ्या दिवशी मागच्या भिंतीजवळून एक गृहस्थ माझ्याकडं आले. वय चाळिशीच्या पुढं. दोन्ही हातांवर, मानेवर आणि ओठाच्या कडेला कोडाचे पांढरे डाग. त्यांनाही जोडीदार मिळालेला नव्हता, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

"तंगी," ते म्हणाले, "मला बी कोण न्हाई. तुझी हरकत नसंल तर माझा हात बांध."

ते गडहिंग्लजच्या खालचे, कर्नाटकच्या सीमेवरच्या गावचे. तिकडं धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. कोल्हापुरात आल्यापासून मला कुणी नात्यानं बोलावलेलं नव्हतं. मी त्यांचा हात छातीशी दुमडला आणि पट्टी मानेमागून घेतली. मास्तर मदत करावी म्हणून लांबूनच ओरडले, "कोड काय चिकटत न्हाई रे कुणाला! काय भ्यायचं त्यात?" त्यावर उरलेल्या सगळ्यांनी वळून बघितलं. माझे जोडीदार खाली फरशीकडं बघत राहिले.

"बोटं कशानं जळाली?" त्यांनी हळूच विचारलं.

"काजूच्या तेलानं."

"दुखतंय?"

"आता न्हाई."

मग त्यांची पाळी आली. पट्टी बांधायच्या आधी दरवेळी ते विचारायचे, "हात देतीस काय?" मी दिला की बांधायचे. त्यांच्या हाताला घाई नव्हती. मनगटाशी, कोपराशी कुणीतरी इतक्या जपून हात लावतंय, याचीच मला सवय राहिली नव्हती. खोलीवर गेल्यावरही मी पट्टी थोडा वेळ तशीच ठेवायचे.

शेवटी शेवटी एक डॉक्टर आले. थांबलेलं हृदय कसं चालवायचं ते शिकवायला त्यांनी कमरेपर्यंतचा रबरी पुतळा आणला होता. तळवा छातीच्या मधल्या हाडावर, कोपर ताठ, अंगाचा भार द्यायचा. मग नाक चिमटीत धरून तोंडानं श्वास भरायचा. "एकदा सुरू केलं की थांबायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "दुसरं कोणी काम हातात घेईपर्यंत दाबत राहायचं."

सगळे रांगेत उभे राहिले. प्रत्येकाचं झालं की मास्तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुतळ्याचं तोंड पुसायचे. माझं झालं, त्यांनी पुसलं. माझ्यामागचा पोरगा म्हणाला, "मास्तर, आणि एकदा पुसा की."

मास्तरांनी पुन्हा पुसलं. मी बाई म्हणून, बोटं काळी म्हणून, की आडनावामुळं, मला कळलं नाही. विचारणार कुणाला? माझे जोडीदार आपणहून रांगेच्या अगदी शेवटी जाऊन उभे होते. त्यांचं झाल्यावर पुतळा पेटीत गेला.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले आणि त्यांनी हजेरीच्या क्रमानं जोड्या लावल्या. माझ्या जोडीदारांपुढं पेशंट म्हणून एक तरणा पोरगा आला. डोक्याची पट्टी बांधायची होती. पोरगा स्टुलावर बसलाच नाही.

"साहेब, ह्यांच्याकडनं नको. दुसरा कोणबी द्या."

माझे जोडीदार पट्टी हातात घेऊन उभे. त्यांनी रागावावं, काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं. ते पट्टीची घडी परत घालायला लागले, जणू परीक्षा संपलीच. तेव्हा मी उठले आणि जाऊन स्टुलावर बसले.

"तुमचा नंबर नाही," परीक्षक म्हणाले.

"माहीत हाय. पण पेशंट म्हणून मी बसतो."

परीक्षकांनी मास्तरांकडं बघितलं, मास्तरांनी छताकडं. मग परीक्षक म्हणाले, "बरं, बांधा."

माझ्या जोडीदारांनी घातलेली घडी उलगडली. पट्टी कपाळावरून मागं नेली. गाठ पक्की बसली.

बाहेर आल्यावर आम्ही कोपऱ्यावरच्या गाड्यावर चहा घेतला. त्यांनी पिशवीतून स्वतःचा स्टीलचा पेला काढला आणि चहा त्यात ओतायला सांगितला.

"सवय झालीया," ते म्हणाले. "घरात बी माझं ताट वेगळंच असतंय."

वेगळ्या ताटाची गोष्ट आमच्या घरात जन्मलेल्या कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

"कारखान्यात औषधाच्या पेटीची किल्ली आता माझ्याकडं देणार हाईत," ते म्हणाले. "मग लोकांस्नी माझ्याकडं यायलाच लागंल की. रगत आलं की कोण हात बघत न्हाई."

तसं झालं की नाही, मला माहीत नाही. आम्ही दोघंही पास झालो. त्यांच्या कारखान्याचं नाव मी विचारलं नव्हतं. पुढं गडहिंग्लजच्या स्टँडवर गाडी लागली की मी गर्दीत बघायचे, पण ते पुन्हा दिसले नाहीत.

बिल्ला मिळाला, नोकरी लागली. डेपोजवळ एक खोली घेतली. पुरुषांच्या गप्पांमध्ये बसणं जमायचं नाही, म्हणून डबा मी उभ्या गाडीत मागच्या सीटवर बसून खायचे. अशी काही वर्षं गेली.

मग ती दुपार आली. गडहिंग्लजहून आजऱ्याला निघालो होतो. उसाच्या बैलगाड्यांनी रस्ता तुंबलेला. मी मागं तिकिटं फाडत होते, तेवढ्यात पुढं आरडाओरडा झाला. पटका बांधलेला एक म्हातारा शेजारच्याच्या मांडीवर कलंडला होता. त्याला मधल्या वाटेत आडवं घेतलं. श्वास नव्हता. मी ड्रायव्हरला ओरडून सांगितलं, "कुठं थांबू नका, गाडी दवाखान्यात घ्या," आणि गुडघ्यावर बसून छाती दाबायला सुरुवात केली. मधेच वाकून तोंडानं श्वास भरत होते. गाडी हेलकावे खात होती, पटका सुटून माझ्या पायात आला होता.

"बाई, ग्येला त्यो. सोडा आता," कुणीतरी म्हणालं.

"कुणीतरी या," मी म्हणाले. "माझे हात भरून आल्यात. मी दाखवतो, तसं दाबा."

गाडी भरलेली होती. सगळे उभे राहून वाकून बघत होते. पुढं कुणी आलं नाही. मी दवाखान्याच्या दारापर्यंत दाबत राहिले. तिथं माणसांनी त्याला उचलून आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी नळावर तोंड धुतलं. गाडीतली माणसं खोळंबली होती, म्हणून परत चढले आणि राहिलेली तिकिटं फाडली.

आठवडाभरात गोष्ट फिरली. कंडक्टरणीनं भर गाडीत म्हाताऱ्याचा मुका घेतला. गाडीत पोरं म्हणायची, "बाई, मला बी चक्कर येतीया," आणि सगळी हसायची. माझ्या गाडीवर यायला एका ड्रायव्हरनं कुरकुर केली. आईच्या कानावरही गेलं.

"तोंडाला तोंड लावायलाच पायजे हुतं काय?" तिनं विचारलं.

"व्हय, आई."

तिनं परत विषय काढला नाही. माझ्यासाठी एक स्थळ येणार होतं, ते आलं नाही. का, ते कुणी सांगितलं नाही. तो माणूस वाचला असता तर गोष्ट वेगळी झाली असती, असं मला त्या दिवसांत सारखं वाटायचं.

उन्हाळ्यात एकदा गडहिंग्लजच्या स्टँडवर एक म्हातारी विचारत आली, "ती कंडक्टर बाई कुठली?" कपाळ मोकळं होतं. चौकशीच्या खिडकीपाशी उभे असलेले ड्रायव्हर-कंडक्टर भांडण बघायला सरसावले. ती गाडीत चढून माझ्या सीटशेजारी बसली.

"तुमीच व्हय, आमच्या मालकांजवळ हुता ती?"

"व्हय."

गाडी सुटली. मी तिकिटं उरकून आले, शेजारी बसले. ती खिडकीबाहेर बघत होती. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "एक इचारू? खरं सांगा."

"इचारा."

"त्यांच्या तोंडाला विडीचा वास येत हुता काय?"

मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

"येत हुता," मी म्हणाले.

"वाटलंच मला!" तिनं मांडीवर हात आपटला. "कवाच सोडली म्हणायचे. माझ्या डोक्यावर हात ठिवून आण घेतलीती. आन् मी खरं धरलं की!" ती पदर तोंडाला लावून हसायला लागली. हसता हसता तिचे खांदे वेगळेच हलायला लागले. मी तिकिटांची पेटी बाजूला ठेवली आणि तिच्याजवळ सरकले.

"गावात माझ्यासंगं त्यांच्याबद्दल कोण बोलतच न्हाई," ती म्हणाली. "नाव काढलं की मी रडतो म्हणत्यात."

मग तिनं मला त्यांच्याबद्दल सांगितलं. गोठ्यात विडी कुठं लपवायचे त्याचा तिचा अंदाज, बैलांवर कसे ओरडायचे, तिखट कमी पडलं तर न बोलता कसे उठून जायचे. मी ऐकत होते. मधे थांबे आले, माणसं चढली, उतरली. तिचा फाटा आला तेव्हा मी तिला हात धरून खाली उतरवलं.

"येतो मी," ती म्हणाली आणि उसाच्या कडेनं चालायला लागली.

ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडं बघितलं. "काय म्हणत हुती गं?"

"काय न्हाई," मी म्हणाले. "ओळखीची हाय."

आणि घंटीची दोरी ओढली.