तलावाचं बूच

आइसलंडच्या उत्तर टोकाच्या त्या गावात सव्वीस वर्षं पोहण्याचा तलाव सांभाळला तो केटिलने. सरपंच वाल्गार्डला ऐन बर्फ वितळायच्या दिवसांत तलाव रिकामा करून धुवायची हुक्की आली, तेव्हा केटिल म्हणाला, "आत्ता नको. जमीन पाण्याने फुगलीय. रिकामा तलाव ती खालून उचलेल."

"तू आपलं लोक पाण्यात उतरण्याआधी साबण लावून अंग धुतात का तेवढं बघ," वाल्गार्ड म्हणाला.

केटिलने बूच काढलं. सकाळी तळ हातभर वर आला होता आणि मधोमध फाटला होता. दुपारपर्यंत वाल्गार्डने गावभर केलं, की केटिल दारू पिऊन बूच काढून झोपला.

आपलं काम बोलेल, असं त्या गाढव केटिलला वाटलं. दोन हिवाळे तो ताडपत्रीखाली पालथा पडून फाटलेला तळ फोडत, सळया बांधत, काँक्रीट भरत राहिला. डाव्या हाताची दोन बोटं गारठ्याने गेली.

दुरुस्त तलावाच्या उद्घाटनाला उणे आठ अंश थंडी होती. तलावाशेजारच्या गरम कुंडात गाव गळ्यापर्यंत बसून गप्पा झोडत होतं. केटिल अंग धुऊन आला आणि आपल्या जुन्या कोपऱ्यात उतरला. गप्पा थांबल्या.

"बोटं सुरकुतली बुवा, निघतो," वाल्गार्ड म्हणाला. त्याचे खांदे गरम पाण्याने अजून लालही झाले नव्हते. मागोमाग सगळे उठले आणि ओल्या अंगाने वाऱ्यात कुडकुडत उभे राहिले.

शेवटी रग्ना उठली. तिच्या तिन्ही पोरांना केटिलनेच पोहायला शिकवलं होतं. पायरीवर ती थांबली, तेव्हा त्याला वाटलं, ही तरी दोन शब्द बोलेल.

ती बोलली. "केटिल, जाताना बूच तेवढं काढू नकोस."