देवाने न दिलेला कौल

आमच्या गावात अजून सांगतात की, नोटा बंद झाल्या त्या वर्षी देवानेच एका बाईला थांबायला सांगितलं आणि म्हणून तिचं घर गेलं. सांगणारे देवाला दोष देत नाहीत. तिच्याच हातून काहीतरी चुकलं असणार, असं म्हणून हळहळतात. हे खोटं आहे. त्या दिवशी गाभाऱ्यात मी एकटा होतो आणि ती उंबऱ्याबाहेर हात जोडून उभी होती. खरं काय घडलं ते सांगू शकेल असा माझ्याशिवाय कोणी नाही, आणि माझंही वय झालं आहे.

आमचं गाव तारकर्लीच्या अलीकडे. वरच्या अंगाला आम्हा शेतकऱ्यांची भातशेती आणि काजूच्या बागा, खाली माडांमध्ये मच्छीमारांची घरं. गावदेवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याकडे. कुणाचं जनावर हरवलं, कुणाच्या मुलीचं लग्न अडलं, की देवाला सांगायचं ते आमच्या तोंडून. वडिलांमागे तो मान माझ्याकडे आला आणि देवस्थानाचे पैसेही माझ्याच कपाटात राहू लागले.

ती मासे विकायची. तिचा नवरा माझा लहानपणापासूनचा सोबती. मी तिला वयनी म्हणायचो, ती मला भावजी. तो पोटाच्या दुखण्याने गेला तेव्हा मुलगी लग्न होऊन कुडाळला गेलेली होती आणि घरात ही एकटीच राहिली. घर तिचं, पण खालची जमीन तिची नव्हती. ती मुंबईला राहणाऱ्या एका मालकाची. किनाऱ्यावर पर्यटक वाढले तसा मालक जमीन विकायच्या गोष्टी बोलू लागला होता. जुन्या ओळखीमुळे त्याने तिला सांगितलं होतं की, तू पैसे जमव, घराखालची तेवढी जागा तुझ्या नावावर करतो. ती अनेक वर्षं त्यासाठी पैसे साठवत होती. ते तांदळाच्या कणगीत असत. दीर पिणारा, म्हणून तिने ही गोष्ट माझ्याखेरीज कुणाला सांगितली नव्हती. कणगीत ठेवूनही त्या नोटांचा बांगड्याचा वास जात नसे.

नोटा रद्द झाल्याचं टीव्हीवर सांगितलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर गेलो. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली होती, बांगडा भरपूर होता आणि घेणारा कोणी नव्हता. व्यापाऱ्यांचे टेम्पो आले नाहीत. बर्फवाल्याला रोख हवी होती आणि ती कुणाकडे नव्हती. बायकांनी मग मासे चिरून मिठात घालायला सुरुवात केली. चार-पाच दिवसांत दुकानातलं मीठही संपलं.

पुढे पुढे लोकांनी आपापली सोय लावली. रापण ओढणाऱ्यांना पैशांऐवजी माशांचेच वाटे मिळू लागले. वरच्या वाडीतल्या बायका पिशवीतून तांदूळ आणि नारळ घेऊन किनाऱ्यावर यायच्या आणि बांगडे घेऊन जायच्या. न्हावी सुक्या सुंगटांवर, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीवर, दाढी करायचा. जत्रेला आलेल्या दशावतारी मंडळींनी अर्धी बिदागी नारळांत नेली. ज्याच्याकडे शंभराच्या नोटा होत्या त्याने त्या दडवल्या. आजारी माणसांनी दवाखाना पुढे ढकलला आणि त्यातली एक म्हातारी पुढे ढकलता ढकलताच गेली. तिच्या तेराव्याला भात होता, वरण होतं, गोड काही नव्हतं.

नव्या दोन हजारांच्या नोटा आल्या तेव्हा एक पर्यटक तशी नोट घेऊन वयनीच्या पाटीपुढे उभा राहिला. त्याला चार बांगडे हवे होते. ती हसत त्याला म्हणाली, "तुजी नोट सुटी करूक माका होडी इकूची लागतली, बाबा. तशेच व्हर." आणि तिने खरंच चार बांगडे तसेच दिले. त्या दिवसांतलं तिचं हे एकच हसणं मला आठवतं.

आता माझं सांगतो. देवळाचं छप्पर बदलायला गावाने वर्गणी काढली होती. ती सगळी रोख माझ्या कपाटात होती. देवस्थानाचं बँकेत खातं होतं, पण समितीतल्या भांडणामुळे त्यावरचे व्यवहार बंद होते. नोटा माझ्याकडेच मेल्या असत्या तर देवाचे पैसे मी खाल्ले असं लोक म्हणाले असते. निदान मला तसं वाटलं. मी ते पैसे थोडे थोडे करून माणसांच्या खात्यांत भरायचं ठरवलं. स्वतःच्या, भावाच्या, चुलतभावाच्या खात्यात भरले, तरीही बरेच उरले.

वयनीचं सरकारी योजनेतलं बिनपैशांचं खातं मीच दोन वर्षांपूर्वी उघडून दिलं होतं. त्यात कधी काही पडलं नव्हतं. मी तिला म्हटलं, देवाचं काम आहे, थोडे दिवस तुझ्या खात्यात ठेवू. ती लगेच हो म्हणाली. माझ्याबरोबर मालवणला आली, रांगेत उभी राहिली, अंगठा उठवला. परत येताना एसटीत ती बरीच खुशीत होती. देवाचे पैसे आपल्या नावावर राहिले याचं तिला अप्रूप वाटलं होतं.

आठवड्याने ती घरी आली आणि पडवीत बसून हळूच विचारू लागली, "भावजी, माझे कदी भरूचे?"

अशा खात्यांत अमुक रकमेच्या वर पैसे पडले की चौकशी होते, असं सगळीकडे बोललं जात होतं. नियम रोज बदलत, खरं खोटं कळत नसे. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती. तिच्या खात्याची चौकशी झाली तर देवळाचे पैसे तिथे कसे आले ते बाहेर पडेल आणि माझं नाव येईल. दुसरीकडे मालकाने फोनवर तिला सांगितलं होतं की, मी जत्रेला येतो, जुन्या नोटाही चालतील, त्या खपवायची माझ्याकडे वाट आहे. मी तिला म्हणालो की बँकेत कशाला घालतेस, तोच घेतोय तर थांब. तिला ते पटेना. भित्री नव्हती ती, पण मोठ्या माणसाच्या बोलण्यावर विसंबायची तिला सवय नव्हती.

तेव्हा मी म्हटलं, देवाला विचारू.

आमच्याकडे कौल लावतात तो असा. देवाच्या पाषाणावर उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पाकळ्या लावायचं काम गुरवाचं. पण त्या दिवशी गुरव मालवणला बँकेच्या रांगेत गेला होता आणि तो नसला तर आमच्या घरातल्या माणसाने लावायची रीत आहे.

लहानपणापासून हे बघत आलेल्या माणसाला कळतं की नीट भिजलेली पाकळी दगडाला धरून राहते आणि अर्धवट ओली असली की सुकून लवकर सुटते. मी डावी पाकळी पाण्यात बुडवून, अंगठ्याने दाबून लावली. उजवी नुसती टेकवली. मग बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात गाऱ्हाणं घातलं, की हे महाराजा, ही तुझी लेक मालकाची वाट बघत थांबली तर तिचं भलं होणार असेल तर उजवा दे. उजवी पडली. वयनीने उंबऱ्यावर डोकं टेकलं.

जत्रा झाली, मालक आला नाही. पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. वर्ष संपत आलं आणि नोटा भरायची मुदतही. ती पुन्हा माझ्याकडे आली. या वेळी नोटा पदराखाली धरून आणल्या होत्या. म्हणाली, पुन्हा एकदा कौल लावा, नाहीतर सरळ भरून टाकू. मी तिला सांगितलं की एका गोष्टीचा कौल दोनदा मागत नाहीत. ही रीत खरी आहे. मी खऱ्या रीतीच्या आड लपलो. ती नोटा घेऊन परत गेली.

नवीन वर्षात मालक आला. नव्या नोटा किंवा चेक, म्हणाला. तिच्याकडे दोन्ही नव्हतं. त्याने थोडे दिवस वाट पाहिली, हे मला कबूल केलं पाहिजे. मग जागा एका हॉटेलवाल्याला विकली. पावसाळ्याआधी तिने छपराची कौलं उतरवून विकली आणि कुडाळला मुलीकडे गेली. आज तिथे पर्यटकांच्या खोल्या आहेत. देवळाचे पैसे मी तिच्या खात्यातून हळूहळू काढून घेतले होते. काढताना अंगठा उठवायला ती न कुरकुरता आली होती. छप्पर नवीन झालं आणि समितीने माझा नारळ देऊन सत्कार केला.

यंदा दिवाळीनंतर मी कुडाळला गेलो. मुलीचं घर दोन खोल्यांचं. वयनी मागच्या पडवीत सुकी सुंगटं निवडत बसली होती. फार वाळली होती. मुलगी चहा ठेवायला आत गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं, पाकळ्या कशा लावल्या तेही.

निवडलेली सुंगटं तिने एका बाजूला केली. मग तिने जे विचारलं त्याची मला मुळीच कल्पना नव्हती.

"म्हणजे देव माझ्यार रागावलो नव्हतो?"

मी नाही म्हटलं.

मग तिने सांगितलं. नवरा आजारी होता तेव्हा डॉक्टरने त्याला गोव्याला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. कणगीतल्या पैशांना तिने हात लावला नाही. तो बरा होईल असं तिला वाटलं आणि जागा तर दोघांसाठीच घ्यायची होती. तो गेला. नंतर ते पैसेही गेले, तेही देवाच्या कौलाने. तिने दोन्हींचा मेळ घातला.

"तेंच्या दुखण्यात मी पैसे लपवलंय, म्हणान देवान ते काढून घेतल्यान, असाच समजत रवलंय मी. इतकी वर्सां खंयच्या देवळाची पायरी चढूक नाय."

मी तिच्या पायांकडे वाकायला गेलो. तिने पाय मागे घेतले.

"माका कित्या सांगतास आता? थंय गावात जावन सांगा. माझा घर देवान घेवक नाय. तुमी घेतलात."

मुलगी चहा घेऊन आली. वयनी तिला म्हणाली की यांची गाडी चुकेल, जाऊ दे त्यांना. चहा तसाच राहिला.

गावी आल्यावर मी समितीपुढे गेलो. गाऱ्हाण्याचा मान सोडतो म्हणालो आणि कारणही सांगितलं. अध्यक्ष माझ्यापेक्षा बराच लहान. त्याने मला बाजूला घेऊन समजावलं की काका, झालं ते झालं, ह्यां भायर गेला तर उद्या कौलाक कोण येतलो. मान सोडायचा तर तब्येतीचं कारण सांगा. दुसऱ्या दिवशी देवळाच्या फळ्यावर लिहिलं होतं की प्रकृतीच्या कारणास्तव. वाचून लोक माझ्या तब्येतीची चौकशी करायला घरी येऊ लागले. येणाऱ्या प्रत्येकाला मी खरं कारण सांगतो. काहीजण ऐकून घेतात. बाकीचे माझ्या मुलाकडे बघतात आणि वयाचं काहीतरी बोलून उठतात.

म्हणून हे लिहिलं. कुडाळला दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या त्या बाईवर देव रागावलेला नव्हता. नवऱ्याच्या आजाराचा आणि तिच्या घराचा काही संबंध नाही. तिने पैसे वेळेवर भरले असते. मी भरू दिले नाहीत.