यादीतलं दुसरं नाव

कवठे महांकाळच्या पुढच्या एका गावात मी वर्षभर पाळकपदाचा उमेदवार होतो. आमच्या लूथरन मंडळीत विद्यालयातली परीक्षा पास झाली म्हणून कोणी पाळक होत नसे. एक वर्ष जुन्या पाळकाच्या हाताखाली काढायचं, मग सांगलीहून दोन वडीलधारे पाळक तपासायला येणार, आणि त्यांना पटलं तरच दीक्षा. मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, तरी गावात बोलणं पाण्याचंच. मला मात्र वर्षभर एकाच गोष्टीची धास्ती होती, ती म्हणजे शनिवारची यादी.

महिन्यातल्या एका रविवारी प्रभुभोजन असे. भाकरीचा तुकडा आणि एकाच प्याल्यातून सगळ्यांना द्राक्षारसाचा घोट. आदल्या शनिवारी पाळकाने घरोघर जाऊन येणाऱ्यांची नावं लिहून घ्यायची आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायची: कुणाशी अबोला आहे का? असेल तर आधी तो मिटवायचा, मग यायचं.

आमचे पाळकसाहेब ही सुरुवात स्वतःपासून करत. साठीचा माणूस, टोपी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायचा आणि बायकोला विचारायचा, "माझ्याकडनं काही राहिलंय का?" बाई काही सहज सोडणाऱ्या नव्हत्या. एकदा चुलीवरची नजर न काढता म्हणाल्या, "मंगळवारी कालवणावरनं माझ्या माहेराला बोललात, ते राहिलंय." साहेबांनी तिथंच माफी मागितली आणि मग वहीत पहिलं नाव स्वतःचं घातलं. नंतर माझ्याकडे वळून विचारलं, "तुझं?"

"काही नाही," मी म्हणालो. त्यांनी दुसरं नाव माझं लिहिलं.

ते खोटं होतं. औंधजवळ शाळामास्तर असलेल्या माझ्या वडिलांशी मी बोलत नव्हतो. साखर कारखान्यात कारकुनाची जागा त्यांनी माझ्यासाठी शब्द टाकून ठेवली होती. विद्यालय संपल्यावर मी ती नाकारून पाळकच व्हायचं म्हटल्यावर ते चिडले, आणि मी भर ओट्यावर, शेजारी ऐकत असताना म्हणालो, "तुम्हाला देवापेक्षा नोकरी मोठी." त्यानंतर ना त्यांचं पत्र, ना माझं.

पहिल्या महिन्यात वाटलं, पुढच्या महिन्याच्या आत पत्र टाकू. मग तेच दर महिन्याला वाटत राहिलं. प्रभुभोजनाच्या रविवारी तरीही सगळ्यांबरोबर भाकर आणि प्याला घ्यायचो. औंधकडचं कोणी गावात आलं की मी मागच्या दाराने निघून जायचो. पोस्टमन दिसला तरी मी वाट बदलायचो. असं मी अकरा वेळा खोटं बोललो.

शेवटच्या महिन्यात सांगलीचे पाहुणे यायचे ठरले. साहेब म्हणाले, "या शनिवारची यादी तू एकट्यानं कर. रविवारी प्यालाही तूच धर. हे बघूनच ते ठरवतील."

शनिवारी दुपारी सगळी घरं करून शेवटी वस्तीच्या टोकाला एका म्हातारीकडे गेलो. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. मी वही उघडली, तशी म्हणाली, "माजं नाव नगा घालू, बाबा."

"का हो आजी?"

"सुनंशी बोलत न्हाई मी. तिनं पानी दिलं तरी घेत न्हाई. मनात लय राग हाय. मग त्या प्याल्याला तोंड कसं लावू?" मग वहीकडे बोट करून म्हणाली, "तुमचं घातलंय न्हवं?"

तिने सहज विचारलं होतं. मी "हो" म्हणालो आणि उठलो, पण ओढ्यापर्यंत आल्यावर पाय पुढे जाईनात. बाभळीखाली बसून मी दुसऱ्या ओळीवर रेघ मारली. वर्ष वाया गेलं हे तेव्हाच कळलं होतं.

सकाळी घंटेच्या आधी वही साहेबांपुढे ठेवली.

"कुणाशी?" त्यांनी विचारलं.

"वडिलांशी. चौदा महिने."

त्यांनी चष्मा काढला. "अकरा वेळा विचारलं तुला मी," एवढंच म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "प्याला मी धरतो. तू बाकावर बस."

सांगलीचे दोघे पहिल्या रांगेत होते. सगळी मंडळी उठून पुढे गेली आणि बाकांवर मी आणि ती म्हातारी एवढेच उरलो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती थोडी सरकली. "हितं बसा. कुनाशी हाय तुमचं?"

मी सांगितलं.

"माजी सून तर एकाच घरात हाय, तरी जमंना," ती पुटपुटली. "तुमाला येष्टी तर हाय."

पाहुणे दीक्षेचं काही न ठरवता निघून गेले. सोमवारी मी कवठ्याहून विटा, विट्याहून औंध अशा गाड्या बदलत घरी पोचलो. वडील ओट्यावर मुलांच्या वह्या तपासत होते. मी पाया पडलो आणि माफी मागितली. त्यांनी हातातली वही पुरी तपासली, मगच खाली ठेवली.

"दीक्षा झाली?"

"नाही."

"का?"

"तुमच्याशी अबोला होता म्हणून. काल भाकर घेतली नाही मी."

"कालच?" त्यांनी विचारलं.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "हे तर तू गेल्यापासनं प्रभुभोजनाला बाकावरच बसतात. इथले पाळक दर महिन्याला यादी घेऊन येतात, आणि हे दर वेळी म्हणतात, माझं नाव नको, माझा मुलाशी अबोला आहे."