आर्वीच्या नकाशातली पायवाट

आर्वी निस्कानेनसारखा हटवादी माणूस आमच्या तळ्याकाठी दुसरा झाला नाही. त्याच्या स्वयंपाकघरात बापाचा सरकारी नकाशा टांगलेला होता, चढउतारांच्या तपकिरी रेघांचा, धरण होण्याआधीचा. त्यात दोन तळी होती, मधे जंगल, आणि जंगलातून होडी खांद्यावर घेऊन जायची पायवाट. आर्वी शाळेत असताना धरण झालं, वाट बुडाली, दोन्ही तळी एक झाली. तरी बीव्हरचे सापळे लावायला निघाला की मला डिवचायचा, "तळं तुमचं रे! माझं तिथे जंगल आहे."

माणूस कामात मात्र पक्का. गोठलेल्या तळ्यावर चालताना पाऊल टाकण्याआधी कुऱ्हाडीचा घाव घालून बर्फ जोखायचा. त्याच्या मागे पांढऱ्या ओरखड्यांची रांग उमटायची.

म्हातारपणी त्याला भ्रम होऊ लागला. बायकोला, सिल्वीवहिनींना, आई म्हणायचा, आणि त्या बुडालेल्या वाटेने जायला निघायचा. शेवटी वहिनींनी तो नकाशा काढून गादीखाली दडवला.

"आता कसा जाशील, म्हाताऱ्या?"

"मला कशाला लागतोय कागद?" तो म्हणाला.

नोव्हेंबर सरत होता, बर्फ अजून कच्चा होता. वहिनी सौनाची, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघराची, चूल पेटवायला गेल्या तेवढ्यात तो घसरगाडी ओढत निघून गेला. त्या कोट न घालताच माझ्या दारात आल्या.

पोलीस नवा नकाशा घेऊन काठाकाठाने शोधत बसले. मला त्यांचा संताप आला. मी तळ्यावर उतरलो आणि ओरखडे सापडले. दर दोन पावलांवर एक, म्हातारा शुद्धीत असल्यासारखे. जुन्या तळ्याचा काठ जिथे होता तिथे ते अचानक संपले. पुढे नुसती पावलं होती, सरळ, लांब टांगांची. मग काळं पाणी.

परत आलो तेव्हा वहिनी पायरीवरच उभ्या होत्या. मला पाहून त्यांना कळलंच.

"घाव कुठवर होते?"

"वाट सुरू व्हायची तिथवर."

त्या खाली बसल्या. मला रडू आवरेना, त्या मात्र रडल्या नाहीत.

"म्हणजे जमिनीला लागलो असंच वाटलं त्याला," त्या म्हणाल्या. "जंगलात शिरला की तो शीळ घालायचा रे."