वाटाड्याला पोचवायला

माणसांना यंत्राची भीती वाटू नये, याचा मला पगार मिळतो. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात आम्ही वाट दाखवणारा रोबो बनवतो. हॉस्पिटलमध्ये आलेल्या माणसाला हव्या त्या विभागापर्यंत नेऊन सोडायचं, एवढंच त्याचं काम. आम्ही त्याला वाटाड्या म्हणतो. तो माणसाएवढा केला तर लोक संशयाने बघतात, गुडघ्याएवढा केला तर त्याच्यावर पिशव्या ठेवतात. शेवटी आम्ही त्याला कमरेच्या जरासा वर आणून ठेवला. मागचा माणूस दमला की तो थांबतो, माणूस निघाला की निघतो. असलं सगळं शिकवण्यात माझी कितीतरी वर्षं गेली.

माझी स्वतःची भीती मात्र घरात मुक्कामाला आली होती. बाबा विसरायला लागले होते. एकदा दूध आणायला म्हणून खाली उतरले आणि दुपार टळली तरी परतले नाहीत. एका रिक्षावाल्याने आणून सोडलं. ते हायवेच्या कडेला उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला नमस्कार करत होते म्हणे. तेव्हापासून दाराची कडी वाजली तरी मी हातातलं टाकून बाहेर धावते.

वाटाड्याची चाचणी बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात चालू होती आणि बाबांचे डोळे तिथेच तपासायचे होते. माझी सहकारी म्हणाली, "अगं, बाबांनाच चालव ना त्याच्यामागे. टेस्टिंगला असा माणूस कुठे मिळणार, यार?" माझ्या मनात नव्हतं. पण मी दहा पावलं मागे असणारच होते, म्हणून हो म्हटलं.

दोघांचं लगेच जमलं. "या काका, सावकाश चला," वाटाड्या म्हणाला आणि बाबा निघाले. वळणावर ते दम खायला थांबले, तर तोही थांबला. बाबांनी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?" तो म्हणाला, "मला हे समजलं नाही. आपण नेत्र विभागाकडे जात आहोत." "असू दे, असू दे," बाबा म्हणाले, जणू त्याचीच समजूत काढत होते. मला हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी मी बाबांकडे बघून धास्तावले नव्हते.

नेत्र विभागाच्या दारात वाटाड्या म्हणाला, "आपण पोहोचलो. काळजी घ्या. नमस्कार." बाबा बाकावर बसले. मी खिडकीकडे वळून खाली बसलेल्या सहकारीला फोन लावला. "झकास झालं गं," एवढं सांगून पुन्हा वळले, तर बाकावर नुसती फाईल.

बाथरूम बघितलं. शेजारच्या खोल्या बघितल्या. नर्सला विचारलं, तिने मान हलवली. फोन अजून चालूच होता. सहकारी म्हणाली, "रोबो बरोबर आहे. बेसमेंटला चार्जिंगवर लागला बघ." माझ्या फोनच्या स्क्रीनवर त्याचा हिरवा ठिपका दिसत होता. त्याचा ठिपका होता, बाबांचा नव्हता. "रोबो गेला खड्ड्यात!" मी ओरडले. "बाबा नाहीयेत!"

आणि मग मला कळलं. कळलं म्हणून आणखी भीती वाटली.

आमच्या घरून पाहुणा कधी एकटा खाली उतरला नाही. बाबा चपला घालून त्याला पोचवायला जाणारच. जिन्यापर्यंत, मग फाटकापर्यंत, मग बस स्टॉपवर. बस सुटेपर्यंत तिथे उभे. "पावण्याक घराकडे पोचवन येतले हे," असं आई कुरकुरायची. सोबत करणाऱ्या माणसाला दारातूनच वाटेला लावणं बाबांना जमणार नव्हतं. वाटाड्या मात्र परत जाताना मागे बघत नाही. काम संपल्यावर त्याच्यामागे कोण कशाला जाईल, असं आम्हीच ठरवलं होतं आणि परतीच्या वाटेवर त्याचा मागचा कॅमेरा बंद ठेवला होता. तो सामानाच्या लिफ्टने बेसमेंटला जातो. तिथे उतार आहे, जनरेटर आहे, आणि अँब्युलन्स रिव्हर्समध्ये येतात.

मी जिन्याने धावत सुटले. आई गेल्यावर बाबांना सांभाळीन असं मी सगळ्यांना सांगितलं होतं. आता कुणाकुणाला काय सांगायचं, तेच डोक्यात फिरत होतं. खाली पोहोचते तोच गाडी मागे येतानाचा टी-टी आवाज आणि एका माणसाची हाक ऐकू आली, "ओ काका! बाजूला व्हा, काका!" मला काहीच दिसेना. खांबामागून गाडीचे लाल दिवे तेवढे मागे सरकत होते. मी "बाबा!" म्हणून हाक मारत दिव्यांकडे धावले.

गाडी थांबली.

चार्जिंगला लागलेल्या वाटाड्याच्या पुढे बाबा हात आडवा करून उभे होते. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून शिव्या द्यायच्या बेतात होता. "हे थांबलेत ना इथे," बाबा त्याला शांतपणे सांगत होते. "जरा बघून घ्या."

मी त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला आणि रडत सुटले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी कुणीतरी भली बाई असावी तसं. बाबा माझ्याशी जन्मभर मालवणीत बोललेत. 'काय गो, जेवलंस?' याने त्यांचा दिवस सुरू व्हायचा. शुद्ध मराठी परक्यांसाठी.

"अहो ताई, रडू नका," ते म्हणाले. "तुमचं कुणी हरवलंय का?"

"हो," मी म्हणाले.

"सापडेल. घाबरायचं नाही." त्यांनी वाटाड्याला नमस्कार केला, माझा हात धरला आणि उताराकडे चालू लागले. "अशा अवस्थेत एकट्या जाऊ नका. मी पोचवतो. घर कुठे तुमचं?"

मी आमच्याच घराचा पत्ता सांगितला. कांदिवलीला, मार्केटच्या मागची बिल्डिंग, पहिला मजला.

"मग तर माझ्या वाटेवरच आहे," बाबा म्हणाले.